गाव एक, न्हाणीघरं सात: किनोसाकीला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

"तिथे खरंच सगळे कपडे काढावे लागतात का?" जपानच्या ओन्सेनचा, म्हणजे गरम झऱ्यातल्या आंघोळीचा, विषय निघाला की आपल्या माणसांचा पहिला प्रश्न हाच. हो, सगळे. अंगावर चिंधी चालत नाही. पण ती धास्ती पहिल्या दहा मिनिटांत जाते. खरी पंचाईत होते ती दुसऱ्याच गोष्टींनी. बुकिंगचा दर खोलीचा की माणशी ते कळत नाही, शाकाहारी म्हणून मागवलेल्या सुपात मासा निघतो, नाहीतर आपण संध्याकाळी सहाला गावात पोचतो आणि अर्धी मजा हुकते. मी किनोसाकीला दोनदा गेले, एकदा एकटी आणि एकदा आईला घेऊन. पहिल्या खेपेला यातल्या बहुतेक चुका करून झाल्या.

किनोसाकी ह्योगो प्रांतात आहे, तोयोओका शहराच्या हद्दीत, जपानी समुद्रापासून थोडंसंच आत. ओन्सेन म्हणजे जमिनीतून येणारं गरम पाणी. आपल्याला त्याचं अप्रूप नसावं, वज्रेश्वरी-अकलोली आहे, पालीजवळचं उन्हेरे आहे, राजापूरचं उन्हाळे आहे. फरक आहे तो त्या पाण्याभोवती गाव कसं बसलंय त्याचा. किनोसाकीचे लोक म्हणतात, आमचं अख्खं गाव म्हणजे एकच मोठी खाणावळ-धर्मशाळा समजा. स्टेशन हा तिचा दरवाजा, रस्ते म्हणजे ओसऱ्या, र्‍योकान म्हणजे जुन्या पद्धतीची विश्रामगृहं या तिच्या खोल्या, आणि गावातली सात सार्वजनिक स्नानगृहं हे तिचं न्हाणीघर. एवढं डोक्यात बसलं की पुढचं सगळं आपोआप उलगडतं. लोक रस्त्यात झोपायच्या कपड्यांत का फिरतात? कारण ते घरातच आहेत, खोलीतून न्हाणीघराकडे निघालेत.

हे नुसतं जाहिरातीचं वाक्य नाही, त्यासाठी गाव कोर्टात भांडलंय. इथे आंघोळ बाहेरच्या सामायिक स्नानगृहातच करायची असा जुना रिवाज होता. १९२७ साली एका र्‍योकानने स्वतःच्या आवारात गरम पाण्याचं न्हाणीघर काढलं आणि गाव उसळलं. पाणी कोणाचं, जमीनमालकाचं की गावाचं? हा दावा १९५० पर्यंत चालला. शेवटी तडजोड अशी झाली की र्‍योकाननी आत न्हाणीघरं करावीत, पण लहान, आणि मोठी आंघोळ बाहेरच. म्हणून इथल्या चांगल्या र्‍योकानमध्येही आतलं टाकं छोटंसंच दिसलं तर फसवणूक झाली असं वाटून घेऊ नका.

आधी तारीख ठरवा

६ नोव्हेंबरला या किनाऱ्यावर मात्सुबा खेकड्याचा हंगाम उघडतो आणि मार्चपर्यंत चालतो. जपानी लोक त्यासाठीच हिवाळ्यात इथे लोटतात, दर चढतात, शनिवारची खोली मिळणं मुश्किल होतं. खेकडा खाणार असाल तर पैसे वसूल. आपण कोकणातली माणसं, कुर्ल्यांची सवय असलेली, तरी या खेकड्याच्या लांब पायांतलं गोडसर मांस वेगळंच लागतं. खाणार नसाल तर हिवाळ्याचा जादा भाव कशाला द्यायचा? एप्रिलच्या सुरुवातीला कियामाची भागात ओढ्याकाठी चेरी फुलते, २३ आणि २४ एप्रिलला ओन्सेनचा उत्सव असतो, १४-१५ ऑक्टोबरला दांजिरी म्हणजे रथांची जत्रा. उन्हाळा दमट असतो आणि गरम पाण्यातून बाहेर पडल्यावर परत घाम, हे मला तरी जमत नाही. बर्फ पडत असताना उघड्यावरच्या टाक्यात बसणं मात्र एकदा करावंच.

आठवड्याचा वारही बघा. सातही स्नानगृहांची सुट्टी वेगवेगळ्या वारी असते, त्यामुळे एका दिवसात सातही उघडी सापडणं कठीण. कोणतं कधी बंद आहे हे बुकिंगआधी पाहून घ्या, कारण मनात एखादं ठरवून गेलात तर नेमकं तेच बंद निघतं.

खोली

एक रात्र राहाच. ओसाकाहून सकाळी येऊन संध्याकाळी परत जाता येतं, पण मग तुम्ही पाहुणे नसता, तिकीट काढून आलेले असता. मुक्कामाच्या पाहुण्यांना र्‍योकान 'युमेपा' नावाचा पास देतं आणि त्यावर सातही स्नानगृहं फुकट. बाहेरून येणाऱ्याला पैसे पडतात.

दर बघताना डोळ्यात तेल घाला. र्‍योकानचा दर जवळजवळ नेहमी माणशी असतो, खोलीमागे नाही, आणि त्यात रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी धरलेली असते. साधारण १५ ते ३० हजार येन माणशी धरून चाला, खेकड्याच्या दिवसांत त्याच्याही वर. शिवाय आंघोळीचा छोटासा कर वेगळा लावतात. रोख पैसे ओसाका-क्योतोतूनच काढून आणा.

आता शाकाहारी मंडळींसाठी, आणि हे नीट वाचा. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी, आणि दाशी बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनितो माशाचं असतं. म्हणजे ताटात तोफू, वांगं आणि मुळा दिसला तरी रस माशाचा. 'व्हेजिटेरियन' एवढंच लिहिलंत तर मासा काढून माशाच्याच पाण्यात शिजवलेली भाजी समोर येईल, आणि यजमानाला त्यात काही चुकलंय असं वाटणारही नाही. बुकिंग करतानाच सांगा की माशाचं दाशी, सॉस, अंडं यातलं काय चालतं आणि काय नाही. आयत्या वेळी सांगून काही होत नाही, कारण दहा-बारा वाट्यांचं ते जेवण सकाळपासून रांधत असतात. ते जमत नसेल तर 'सुदोमारी' म्हणजे नुसती खोली घ्या, किंवा फक्त न्याहारीसकट घ्या. आईच्या वेळी मी हेच केलं. दशम्या, मेतकूट आणि लसणीची चटणी बॅगेत होती, त्यात दुकानातून आणलेले उमेबोशीचे, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाचे, भाताचे गोळे. खोलीतल्या चहाबरोबर झकास जेवण झालं. यात एक फायदा कुणी सांगत नाही तो असा: संध्याकाळी सहा ते साडेसात सगळं गाव आपापल्या र्‍योकानमध्ये जेवायला बसलेलं असतं, आणि स्नानगृहं जवळजवळ तुमची एकट्याची.

गाडी

बुलेट ट्रेन इथे येत नाही. क्योतोहून 'किनोसाकी' नावाचीच एक्स्प्रेस आहे, अडीच तासांच्या आसपास. शिन-ओसाका आणि ओसाकाहून 'कोउनोतोरी' आहे, ती पावणेतीन-तीन तास घेते. दोन्हींवर जेआरचा, म्हणजे जपान रेल्वेचा पास चालतो, ओसाका-क्योतोच्या भागापुरता असलेला कान्साई वाइड एरिया पासही चालतो. फक्त गाडी शेवटपर्यंत जाते ना ते बघा. यातल्या काही गाड्या फुकुचियामालाच संपतात आणि मग बॅगा घेऊन फलाटावर पुढच्या गाडीची वाट बघावी लागते. खोली दुपारी तीनला मिळते. दोनपर्यंत गावात पोचा. स्टेशनजवळ बॅगा र्‍योकानपर्यंत पोचवण्याची सोय आहे, त्या तिथे टाका आणि मोकळ्या हातांनी चालायला लागा. गाव या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस मिनिटांचं.

ओतानी नावाचा ओढा मधोमध वाहतो, दोन्ही काठांवर वाळुंजाची झाडं, त्यावर कमानीचे बुटके दगडी पूल आणि मागे लाकडी तीन मजली घरं. हे सगळं शेकडो वर्षांचं वाटतं, पण नाही. २३ मे १९२५ ला इथे मोठा भूकंप झाला, पाठोपाठ आग लागली आणि गाव जळून गेलं. त्या भूकंपात या भागात चारशेवर माणसं गेली. तुम्हाला दिसतं ते गावकऱ्यांनी त्यानंतर उभारलेलं. काँक्रीट हाताशी आलेलं असताना त्यांनी घरं परत लाकडाचीच बांधली आणि काँक्रीटच्या इमारती आग अडवण्यापुरत्या मधे मधे ठेवल्या.

कपडे बदला

र्‍योकानच्या दारात चपला-बूट काढायचे, हे आपल्याला शिकवायला नको. आतल्या तातामी चटईवर मात्र सपाताही चालत नाहीत. भिंतीत एक कोनाड्यासारखी जागा असते, तिथे चित्र नाहीतर फुलं ठेवलेली असतात. बॅग ठेवायला ती अगदी सोयीची दिसते. ठेवू नका, आपण देवघरात सुटकेस ठेवत नाही ना, तसंच.

खोलीत युकाता मिळतो, सुती, सैल, कमरेला पट्टा. गावात तोच घालून फिरायचं, उलट जीन्स घातलेला माणूस इथे ओशाळा दिसतो. डावी बाजू उजवीवर घ्यायची, म्हणजे उजवा पदर आधी अंगाला लागून आणि डावा वरून. मी पहिल्या दिवशी उलट घातला. जिन्याच्या तोंडाशी मालकीणबाईंनी मला थांबवलं, एक शब्द न बोलता पट्टा सोडला, दोन्ही पदर अदलाबदल केले, परत गाठ मारली आणि हसून वाकल्या. नंतर कळलं की उजवा पदर वरून फक्त मेलेल्या माणसाला नेसवतात.

पायात गेता, लाकडी खडावा. त्यावर र्‍योकानचं नाव असतं, त्यामुळे स्नानगृहाच्या दारात शंभर जोड पडलेले असले तरी आपले ओळखता येतात. चालताना पाय उचलू नका, थोडे घासत चाला. रात्री खोलीत पडल्यापडल्या रस्त्यावरून त्यांची टकटक ऐकू येत राहते.

आता आंघोळ

दारावर दोन पडदे असतात. बहुतेक ठिकाणी निळा पुरुषांचा आणि लाल बायकांचा, पण रंगावर भरवसा ठेवू नका. अक्षर बघा. पुरुषांच्या अक्षरात वर चार खणांची खिडकी असते आणि खाली दोन पाय. बायकांचं अक्षर म्हणजे मांडी घातल्यासारख्या दोन तिरप्या रेघा आणि त्यावर एक आडवी. हे दोन आकार मोबाइलमध्ये साठवून ठेवा. फोन मात्र आत बाहेर काढायचा नाही, कपडे बदलायच्या खोलीतही नाही. दागिने खोलीवरच ठेवून या.

कपडे काढून लॉकरमध्ये, आणि हातात फक्त छोटा टॉवेल, म्हणजे आपला पंचाच. जाता-येता समोर धरायला तो पुरतो. आत गेल्यावर आधी पाण्याकडे जायचं नाही. भिंतीला ओळीने नळ आणि त्यापुढे बुटके पाट असतात, त्यावर बसून साबण लावून डोक्यापासून पायापर्यंत स्वच्छ आंघोळ करायची. उभं राहून नाही, शेजारणीच्या अंगावर शिंतोडे जातात. फेस पूर्ण गेला की पाट आणि पुढची जागा पाण्याने धुऊन मग टाक्याकडे. टाकं हे अंग धुवायचं ठिकाणच नाही, ते धुतलेल्या अंगाने बसायचं ठिकाण आहे. एवढा एकच नियम मोडलात तर लोकांच्या कपाळाला आठी पडते, बाकी सगळं ते पोटात घालतात. पंचा पाण्यात बुडवायचा नाही, घडी करून डोक्यावर ठेवा. केस लांब असतील तर वर बांधा.

पाणी ४२ अंशांच्या आसपास असतं, किंचित खारट आणि स्वच्छ. गंधकाचा तो सडक्या अंड्याचा वास इथे नाही. १९७२ पासून वेगवेगळ्या झऱ्यांचं पाणी एकत्र करून गावभर फिरवतात, त्यामुळे सातही ठिकाणी पाणी सारखंच. एका वेळी पाच ते दहा मिनिटं पुरे. उठताना सावकाश, नाहीतर डोळ्यांपुढे काजवे चमकतात. पोटभर जेवून लगेच किंवा दारू पिऊन जाऊ नका. रक्तदाब, हृदयाचा त्रास किंवा दिवस गेलेले असतील तर डॉक्टरांना विचारूनच. गोंदण असेल तरी काळजी नको, जपानमध्ये बऱ्याच ठिकाणी ते चालत नाही पण किनोसाकीच्या सातही स्नानगृहांत चालतं.

आणि लाज. आईला मी तीन दिवस आधीपासून समजावत होते. ती आत आली, आजूबाजूला नजर टाकली. पाटावर एक सत्तरीची बाई दुसरीची पाठ घासत होती, कोपऱ्यात दोघीजणी काहीतरी कुजबुजून खिदळत होत्या, आमच्याकडे कुणी मान वर करूनही बघितलं नाही. आई म्हणाली, "अगं, हे तर आमच्या नदीवरच्यासारखंच," आणि माझ्या आधी पाण्यात. तरीही जमणार नसेल तर 'काशिकिरी', म्हणजे तासाभरासाठी फक्त तुमच्या कुटुंबाला मिळणारं न्हाणीघर असलेलं र्‍योकान शोधा. इतकं लांब येऊन कोरडं परत जाण्यापेक्षा ते बरं.

कोणकोणत्या ठिकाणी?

सात सात म्हणून धावपळ करू नका. तीन-चार पुष्कळ झाली, बोटांना सुरकुत्या पडतात. काही सकाळी सातला उघडतात, काही दुपारी तीननंतरच, आणि बहुतेक रात्री अकरापर्यंत चालतात.

गोशोनोयु सगळ्यांत देखणं. बाहेरून क्योतोच्या राजवाड्यासारखं, आत उघड्यावरच्या टाक्यामागे डोंगरावरून पाणी कोसळतं. म्हणूनच गर्दी तिथेच. इचिनोयुमध्ये कातळ कोरून केलेलं गुहेसारखं टाकं आहे. यानागियु सगळ्यांत लहान, लाकडी, आणि मला सगळ्यांत प्रिय. चार बायका बसल्या की भरलं. कोउनोयु गावाच्या पार टोकाला, सगळ्यांत जुनं म्हणतात. जखमी करकोचा इथल्या पाण्यात पाय बुडवून बरा झाला आणि लोकांना झरा सापडला, अशी त्याची कथा. मांदारायुची कथा दोची नावाच्या साधूची. तो ७१७ साली इथे आला, हजार दिवस जप केला आणि ७२० साली पाणी उसळलं. जिझोयु आणि स्टेशनजवळचं सातोनोयु उघडं असेल आणि वाटेवर लागलं तर करा.

सकाळी लवकर जाग आली तर एक गंमत आहे. दार उघडल्यावर सगळ्यांत आधी आत शिरणाऱ्या पहिल्या पुरुषाला आणि पहिल्या बाईला आठवण म्हणून लाकडी बिल्ला मिळतो. त्यासाठी सातच्या आधी दारात रांग लागते. आम्ही दुसऱ्या होतो. पुढच्या आजी रोज येत असाव्यात असं आईचं मत.

दुसरा दिवस

खोली दहाच्या सुमारास सोडावी लागते. बॅगा तिथेच ठेवून डोंगराच्या पायथ्याशी रोपवेकडे जा. तिथेच झऱ्याचं उकळतं तोंड आहे, शेजारी अंडी विकत मिळतात. जाळीच्या पिशवीत घालून आपणच गरम पाण्यात सोडायची आणि दहा-अकरा मिनिटं तिथल्याच पाय बुडवायच्या टाक्यात पाय सोडून बसायचं.

रोपवे मधल्या थांब्यावर उतरवतो तिथे ओन्सेनजी देऊळ आहे, ७३८ सालचं, दोची साधूशी जोडलेलं. पूर्वी यात्रेकरू आधी इथे येऊन दर्शन घेत, आंघोळीच्या पाण्याचं ओगराळं घेत आणि मगच खाली आंघोळीला जात. वज्रेश्वरीला आधी कुंड की आधी देवी यावर आमच्या घरी दर वेळी वाद होतो, इथे तो प्रश्न सुटलेला आहे. इथली मुख्य अकरामुखी कान्नोनची, म्हणजे बौद्धांच्या करुणेच्या देवतेची मूर्ती तेहतीस वर्षांतून एकदाच उघडतात, ती २०१८ ला उघडली होती. तेव्हा दर्शनाची आशा ठेवून जाऊ नका, पण देऊळ शांत आहे.

दुपार मोकळी असेल तर गेनबुदोला जा, टॅक्सीने नाहीतर भाड्याच्या सायकलने. सोळा लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे षटकोनी खांब, एकावर एक रचलेल्या फण्यांसारखे. आपल्या सह्याद्रीचाच हा काळा दगड, बेसॉल्ट, आणि अंधेरीचा गिल्बर्ट हिल पाहिलेला असेल तर खांब ओळखीचे वाटतील, फक्त तो याच्यापुढे खूपच म्हातारा. जपानी भाषेत बेसॉल्टला जे नाव आहे ते याच गुहेवरून पडलंय. १९२६ साली मात्सुयामा मोतोनोरी या शास्त्रज्ञाने इथल्या दगडाचं चुंबकत्व मोजलं तर ते आजच्या उलट दिशेला निघालं. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव कधीकाळी उलटे होते, हे सांगायची हिंमत त्याने या दगडांवरून केली.

परतीच्या गाडीत डावीकडची खिडकी मागा. गाडी तोयोओकापर्यंत मारुयामा नदीच्या काठाने जाते आणि त्या बाजूला पाण्याने भरलेली भातखाचरं दिसतात. जपानमधला शेवटचा रानटी करकोचा १९७१ साली याच खोऱ्यात मेला. मग पिंजऱ्यात वाढवलेले २००५ पासून परत मोकळे सोडले. पांढराशुभ्र, पंखांची टोकं काळी, लाल पाय. आम्हाला एक दिसला, खाचरात एका पायावर उभा.